'यस्टर्डे आय हॅड गॉन टु दादर': इंग्रजी काळ आणि क्रियापदं मराठी घरात कशी पक्की करावीत

सातवीतल्या मुलाला बारा काळांचा तक्ता म्हणायला सांगा. सिंपल प्रेझेंटपासून फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअसपर्यंत तो घडाघडा म्हणून दाखवेल. मग त्यालाच विचारा, 'काल कुठे गेला होतास? इंग्रजीत सांग.' उत्तर येईल, 'यस्टर्डे आय हॅड गॉन टु दादर.'

मुलाचा अभ्यास कच्चा आहे असं लगेच समजू नका. 'मी काल दादरला गेलो होतो' हे नीटस मराठी वाक्य त्याने शब्दाला शब्द लावून उतरवलं, एवढंच. मराठीत 'गेलो होतो' म्हणजे कालची साधी गोष्ट. इंग्रजीतल्या 'हॅड गॉन'ला मात्र वेगळं, बरंच मर्यादित काम आहे. मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या आणि सेमी-इंग्रजीच्या मुलांच्या वह्या तपासताना मला काळांच्या बहुतेक चुका अशाच सापडतात. त्यांच्या मुळाशी एक बरोबर मराठी वाक्य असतं. म्हणून इथे तक्त्याचा क्रम ठेवलेला नाही. मराठी जिथे पाय अडकवते, त्या जागा एकेक करून घेतल्या आहेत.

इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे घरातल्या कुणालाही ती मोठ्याने वाचून घेता येतील. मुलांनी ती वहीत इंग्रजी लिपीत उतरवायची. स्पेलिंगचा सराव त्यातच होऊन जातो.

आधी तीन रूपं, काळ नंतर

क्रियापदाची तीन रूपं तोंडात बसल्याशिवाय काळांना हात लावू नका. सगळे काळ या रूपांना आणि आयएनजीच्या रूपाला बी, हॅव, डू, विल जोडून होतात. रूपंच डळमळीत असतील, तर काळ कितीही समजावला तरी वाक्य कोसळतं.

अनियमित क्रियापदं अकारविल्हे पाठ करायला लावण्यापेक्षा चालीप्रमाणे लावा. काहींची तिन्ही रूपं सारखी असतात: पुट, कट, हिट, शट, हर्ट, कॉस्ट. इथे मुलं उगाच 'पुटेड', 'कॉस्टेड' करतात. काहींची शेवटची दोन सारखी: ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, बाय-बॉट-बॉट, टीच-टॉट-टॉट, कॅच-कॉट-कॉट, स्लीप-स्लेप्ट-स्लेप्ट. काहींची तिन्ही वेगळी: गो-वेन्ट-गॉन, राइट-रोट-रिटन, बिगिन-बिगॅन-बिगन, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक. आणि एक छोटा गट, ज्यात तिसरं रूप फिरून पहिल्यावर येतं: कम-केम-कम, रन-रॅन-रन. 'आय हॅव केम' ही चूक याच गटातली.

एक विचित्र पाहुणा लक्षात ठेवा. वाचणे या क्रियापदाचं स्पेलिंग तिन्ही रूपांत एकच, पण उच्चार रीड, रेड, रेड. वर्गात मोठ्याने वाचताना 'आय रीड इट यस्टर्डे' असं हमखास ऐकू येतं.

नियमित क्रियापदांना ईडी लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. उच्चाराचं कुणी सांगत नाही. मुलं 'वॉकेड', 'हेल्पेड', 'प्लेएड' म्हणतात, कारण स्पेलिंगमध्ये ई दिसतो. खरा उच्चार वॉक्ट, हेल्प्ट, प्लेड. क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड हा आवाज असेल तेव्हाच 'इड' ऐकू येतो: वॉन्टिड, नीडिड. ही गोष्ट फक्त बोलण्यापुरती नाही. ज्याच्या कानाला 'वॉक' आणि 'वॉक्ट' यांतला फरक कळत नाही, तो लिहितानाही ईडी विसरतो.

रोज पाच क्रियापदं पुरेत. नुसती रूपं म्हणून घेऊ नका, वाक्यात घ्या: 'आय राइट एव्हरी डे. आय रोट यस्टर्डे. आय हॅव रिटन इट.' बसची वाट बघताना हे आरामात होतं.

मुलं कंटाळली तर त्यांना मराठीची बाजू दाखवा. गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेलात, गेला, गेली, गेलं, गेल्या या सगळ्यांना इंग्रजीत एकच 'वेन्ट' आहे. आपली मुलं न शिकता एवढी रूपं बिनचूक वापरतात. त्यामानाने इंग्रजी भूतकाळ फारच स्वस्तात सुटतो.

डिड आलं की क्रियापद मूळ रूपात

'डिड यू वेन्ट?' 'ही डिडन्ट केम.' 'शी डजन्ट नोज.' या तिन्ही चुका एकाच घरातल्या. मराठीत 'तू गेलास का?' असं विचारताना भूतकाळाची खूण 'गेलास' या क्रियापदावरच असते. इंग्रजीत प्रश्न किंवा नकार आला की ती खूण 'डिड' उचलून घेतो आणि मुख्य क्रियापद मोकळं होतं. म्हणून 'डिड यू गो?', 'ही डिडन्ट कम'. 'डज' शेवटचा एस असाच उचलतो: 'शी डजन्ट नो'.

मुलांना एवढंच सांगा: काळाची खूण वाक्यात एकदाच. 'डिड' किंवा 'डज' दिसला की त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि पुढचं क्रियापद पहिल्या रूपात आहे ना ते बघायचं. आठवडाभर हे केलं की हात आपोआप थांबतो.

ही, शी, इट यांच्यापुढे लागणारा एस मुलं विसरतात तो वेगळ्या कारणाने: नियम माहीत असतो, पण लिहिण्याच्या भरात राहून जातो. त्यावर उपाय शेवटी वही तपासण्याच्या भागात आहे.

नेहमीचं आणि आत्ता चाललेलं

'आय गो टु स्कूल बाय ट्रेन' म्हणजे रोजचं. 'आय ॲम गोइंग टु स्कूल' म्हणजे आत्ता वाटेत आहे. मराठीतही 'जातो' आणि 'जातोय' असा भेद आहे, त्यामुळे इथवर अडचण नाही. गडबड तीन ठिकाणी होते.

पहिली जागा, मनात घडणाऱ्या क्रिया. आपण सर्रास म्हणतो, 'मला समजत नाहीये', 'आठवत नाहीये'. मूल त्याचं करतं 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग', 'आय ॲम नॉट रिमेंबरिंग'. इंग्रजीत नो, अंडरस्टँड, रिमेंबर, लाइक, वॉन्ट, बिलीव्ह, बिलाँग अशा क्रियापदांना सहसा आयएनजी लावत नाहीत. 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'आय डोन्ट रिमेंबर' म्हणायचं. 'हॅव'चा अर्थ जवळ असणे असेल तर तोही याच गटात जातो: 'आय हॅव टू ब्रदर्स'. पण 'वी आर हॅविंग लंच' बरोबर आहे, कारण तिथे 'हॅव' म्हणजे जेवणे.

दुसरी जागा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे आणि व्याकरणाच्या पुस्तकात ती क्वचितच सापडते. आजोबा झोपले आहेत. ताई खिडकीत बसली आहे. दादाने निळा शर्ट घातला आहे. मराठीत इथे 'पूर्ण' रूप वापरतात, कारण झोपण्याची, बसण्याची, घालण्याची क्रिया होऊन गेली आणि तिची स्थिती उरली. मूल लिहितं 'ग्रँडफादर हॅज स्लेप्ट', 'शी हॅज सॅट', 'ही हॅज वोर्न अ ब्ल्यू शर्ट'. इंग्रजी त्या स्थितीलाच चालू क्रिया मानतं: 'ग्रँडफादर इज स्लीपिंग', 'शी इज सिटिंग बाय द विंडो', 'ही इज वेअरिंग अ ब्ल्यू शर्ट'. चित्रवर्णनाच्या प्रश्नात हाच घोळ गुण खातो. घरातला एखादा फोटो पुढ्यात ठेवा. कोण उभं आहे, कोण टेकून बसलंय, कुणी काय घातलंय, कुणी बाळाला धरलंय, एवढंच इंग्रजीत सांगायला लावा. स्टँडिंग, लीनिंग, वेअरिंग, होल्डिंग ही चार क्रियापदं त्यात पक्की होतात.

तिसरी जागा, आपल्या लगबगीची सवय. चपला पायात सरकवत आपण ओरडतो, 'आलोच!' फलाटावर गाडी लांब वळणावर दिसली की गर्दी म्हणते, 'आली, आली!' यातलं कुणीही अजून आलेलं नसतं. इंग्रजीत हे 'आय ॲम कमिंग' आणि 'द ट्रेन इज कमिंग'. निघताना दारात म्हटलेलं 'येते हं' तर शब्दशः उतरवूच नये. तिथे 'बाय, सी यू' पुरे.

कालची गोष्ट, आणि तो 'हॅड'

इथे वेळ काढून थांबा. एक प्रश्न विचारायची सवय लावा: ही गोष्ट कधी झाली, ते वाक्यात सांगितलंय का? यस्टर्डे, लास्ट संडे, टू डेज अगो, इन ट्वेंटी फोर्टीन असं काही असेल, किंवा वेळ दोघांनाही माहीत असेल, तर साधा भूतकाळ. 'हॅव' नको, 'हॅड' नको. 'आय वेन्ट टु दादर यस्टर्डे.'

मुंबईच्या इतिहासातून उदाहरणं घेतली तर काळ आणि सनावळी दोन्ही डोक्यात राहतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली: 'द ट्रेन रॅन फ्रॉम बोरीबंदर टु ठाणे'. तारीख आहे, म्हणून 'रॅन'. 'हॅज रन' नाही, 'हॅड रन'ही नाही.

मग 'हॅड' कधी? दोन भूतकाळी घटना असतील आणि त्यातली आधीची कोणती हे दाखवायची गरज असेल तेव्हा. गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पूर्ण झालं. विजेवर चालणारी पहिली लोकल व्हीटी ते कुर्ला धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. आता १९२४ मध्ये उभं राहून मागे बघा. गाड्या सुरू होऊन ७१ वर्षं झाली होती, पण विजेची गाडी अजून धावली नव्हती: 'व्हेन द गेटवे वॉज कम्प्लीटेड, इलेक्ट्रिक ट्रेन्स हॅड नॉट स्टार्टेड'. इथे 'हॅड'वाचून चालत नाही, कारण १९२४ हा एक टप्पा आहे आणि आपण त्याच्या आधीचं बोलतोय.

मुलांच्या रोजच्या जगातलं उदाहरण: 'व्हेन वी रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन हॅड लेफ्ट', आम्ही पोचलो तोवर गाडी गेलेली. 'हॅड' काढून 'द ट्रेन लेफ्ट' केलं, तर अर्थ होतो की आम्ही पोचलो आणि गाडी सुटली, म्हणजे निदान तिची पाठ तरी दिसली. मुलांना ही दोन चित्रं काढायला लावा. एका चित्रात गाडी आहे, दुसऱ्यात रिकामा रूळ. चित्र काढल्यावर नियम वेगळा सांगावा लागत नाही.

वहीत 'हॅड' दिसला की मी समासात एकच प्रश्न लिहितो: 'कशाच्या आधी?' उत्तर देता आलं नाही तर 'हॅड' खोडायचा. अर्थात 'आय हॅड अ कोल्ड'मधला 'हॅड' वेगळा, तो साधा मुख्य क्रियापदाचा भूतकाळ आहे. त्याला हात लावू नका.

पास्ट कंटिन्युअस मुलांना फारसा त्रास देत नाही. 'मी अभ्यास करत होतो तेवढ्यात लाइट गेली' हे 'आय वॉज स्टडीइंग व्हेन द लाइट्स वेन्ट आउट' असं सरळ उतरतं. 'आम्ही गच्चीवर खेळायचो' यातल्या 'खेळायचो'साठी मात्र 'यूज्ड टु प्ले' शिकवा, नाहीतर मुलं 'वी वेअर प्लेइंग डेली' लिहितात.

तेव्हापासून आजपर्यंत

प्रेझेंट परफेक्ट म्हणजे मागची गोष्ट, पण तिचा धागा आजला बांधलेला. 'आय हॅव लॉस्ट माय पास' म्हणजे पास हरवला आणि अजून सापडलेला नाही, आता तिकीट काढावं लागेल. 'आय लॉस्ट माय पास लास्ट वीक' ही नुसती बातमी. मिळालाही असेल.

'तो पुण्याला गेलाय' आणि 'तो पुण्याला जाऊन आलाय' यांत आपण फरक करतो. इंग्रजीतही तो आहे: 'ही हॅज गॉन टु पुणे' म्हणजे अजून तिकडेच, 'ही हॅज बीन टु पुणे' म्हणजे जाऊन आला.

सगळ्यात जास्त चुकणारं वाक्य हे: 'आम्ही इथे पाच वर्षांपासून राहतो.' त्याचं होतं 'वी आर लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स', आणि एका वाक्यात दोन चुका पडतात. मराठीत राहणं अजून चालू असल्यामुळे वर्तमानकाळ येतो. इंग्रजीला मात्र मागून इथपर्यंतचा सगळा पट्टा दाखवायचा असतो, म्हणून 'हॅव बीन लिव्हिंग'. दुसरं, आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं: 'सोमवारपासून' आणि 'पाच वर्षांपासून'. इंग्रजी त्यांची विभागणी करतं. सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स: सिन्स मंडे, सिन्स जून. लांबी असेल तर फॉर: फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू अवर्स. म्हणून 'वी हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'.

सरावाला शहर पुरतं. गेटवे: 'इट हॅज स्टुड देअर सिन्स १९२४.' वर्सोवा-घाटकोपर मेट्रो: 'इट हॅज बीन रनिंग सिन्स २०१४.' आता दोन्ही वाक्यं 'फॉर' वापरून करायला सांगा. वर्षांची वजाबाकी मुलांनीच करावी.

एक सांगून ठेवतो. अमेरिकन व्हिडिओ बघणारी मुलं 'डिड यू ईट येट?' ऐकतात आणि घरी वाद घालतात. अमेरिकेत ते चालतं. शाळेच्या पेपरात आपण बहुतेक ब्रिटिश वळण धरतो, तेव्हा 'हॅव यू ईटन येट?' लिहावं. ऐकलेलं चूक आहे असं मात्र सांगू नये.

उद्या, आणि जर-तर

भविष्यकाळासाठी 'विल' पुरतो हा गैरसमज. तिथल्या तिथे ठरवलं तर 'विल': 'आय विल हेल्प यू'. आधीच बेत केला असेल तर 'आय ॲम गोइंग टु'. वेळापत्रकातलं असेल तर चक्क साधा वर्तमानकाळ: 'द ट्रेन लीव्ज ॲट एट ट्वेल्व्ह'. फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस आठवीपर्यंत तक्त्यापुरता पाठ असला तरी पुरे. त्यावर संध्याकाळ घालवू नका.

खरी मेख जर-तरच्या वाक्यात आहे. 'पाऊस पडला तर मॅच रद्द होईल.' 'पोचलास की फोन कर.' गोष्ट पुढची, पण मराठीत क्रियापद भूतकाळी. काही मुलं तेच उचलतात: 'कॉल मी व्हेन यू रीच्ड'. काही जास्त हुशारी करून दोन्हीकडे भविष्यकाळ घालतात: 'इफ इट विल रेन'. इंग्रजीत या जागी साधा वर्तमानकाळ येतो: 'इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड', 'कॉल मी व्हेन यू रीच देअर'. वेळ सांगणाऱ्या व्हेन, आफ्टर, बिफोर, अंटिल, ॲज सून ॲज यांच्या पोटवाक्यातही हेच.

'इफ इट रेन्ड' हे वाक्य चूक नाही, पण त्यात पाऊस पडण्याची शक्यता फारशी नाही असा सूर असतो. मार्च महिन्यात खुशाल म्हणा. जुलैतल्या मुंबईत ते शोभत नाही.

एक मराठी क्रियापद, इंग्रजीत पाच

काळ बरोबर आणि क्रियापद भलतंच, असंही होतं. त्याचा मोठा कारखाना म्हणजे 'काढणे'. फोटो काढ, चित्र काढ, वही काढ, बूट काढ, पैसे काढ. मुलाला 'रिमूव्ह' हा एकच शब्द माहीत असतो आणि तो 'ही रिमूव्हड माय फोटो' लिहून मोकळा होतो. वाचणाऱ्याला वाटतं, भिंतीवरचा फोटो उतरवला. फोटो 'टेक', चित्र 'ड्रॉ', दप्तरातली वही 'टेक आउट', बूट 'टेक ऑफ', बँकेतले पैसे 'विथड्रॉ'.

'लावणे'ही तसाच. दिवा लावायला 'स्विच ऑन', रोपटं लावायला 'प्लांट', तेल लावायला 'अप्लाय', गजर लावायला 'सेट', कुलूप लावायला 'लॉक', दार लावायला 'क्लोज'. आणि 'बंद कर' आलं की 'क्लोज द फॅन' ठरलेलंच. वीज लागणारी वस्तू असेल तर 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ'.

एका कागदावर मधोमध 'काढणे' लिहा आणि घरात दिवसभर कोण काय काय 'काढतं' ते भोवती लिहीत जा. कपडे, दूध, केर, वेळ, भांडण. यादी लांबते आणि मुलं खूश असतात. प्रत्येकाचं इंग्रजी लगेच सापडलं नाही तरी चालेल. 'रिमूव्ह' सगळीकडे बसत नाही, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

ज्या जोड्या घोळ घालतात

काही जोड्या मराठीच्या मदतीने लगेच सुटतात. आपल्याकडे बसणे-बसवणे, पडणे-पाडणे, शिकणे-शिकवणे अशा जोड्या आहेतच. लर्न म्हणजे शिकणे, टीच म्हणजे शिकवणे. राइझ म्हणजे आपोआप वर येणे, रेझ म्हणजे काहीतरी वर करणे: 'द सन राइझेस', पण 'रेझ युअर हँड'. 'सी' म्हणजे दिसणे, 'लुक ॲट' म्हणजे मुद्दाम बघणे, 'वॉच' म्हणजे हलतं-चालतं काही बघत राहणे. 'हिअर' म्हणजे ऐकू येणे, 'लिसन टु' म्हणजे लक्ष देऊन ऐकणे.

लाय आणि ले यांच्यात मोठी माणसंही फसतात. लाय म्हणजे आडवं पडणे: लाय-ले-लेन. ले म्हणजे ठेवणे, आडवं करणे: ले-लेड-लेड. पहिल्याचं दुसरं रूप आणि दुसऱ्याचं पहिलं रूप एकच, सगळा गोंधळ तिथे आहे. 'द कॅट ले ऑन द बेड ऑल आफ्टरनून', मांजर पडून होती. 'आई लेड द बेबी ऑन द बेड', आईने बाळाला ठेवलं. क्रियापदापुढे कर्म असेल तर ठेवणे, नसेल तर पडणे. खोटं बोलणे तिसरंच: लाय-लाइड-लाइड.

बॉरो आणि लेंड: पेन मागायचं तर 'मे आय बॉरो युअर पेन?' किंवा 'प्लीज लेंड मी युअर पेन'. 'बॉरो मी' होत नाही.

'टेल'ला लगेच माणूस लागतो, 'से'ला लागत नाही: 'ही टोल्ड मी', 'ही सेड'. म्हणून 'ही टोल्ड दॅट' आणि 'ही सेड मी' दोन्ही चूक. 'एक्सप्लेन मी' नको, 'एक्सप्लेन इट टु मी'. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको. 'गिव्ह अ‍ॅन एक्झाम' आपल्याकडे सगळे म्हणतात आणि बोलताना मी अडवत नाही. लिहिताना 'टेक अ‍ॅन एक्झाम' लिहावं.

वही तपासताना

निबंध लिहून झाला की मूल तो एकदा वाचतं आणि 'तपासला' म्हणतं. त्याऐवजी तीन फेऱ्या करायला लावा. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदांखाली रेघा मारायच्या, बाकी काही वाचायचं नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक रेघेपाशी विचारायचं, कधीची गोष्ट? तिसऱ्या फेरीत ही, शी, इट शोधून एस आहे का ते बघायचं, आणि डिड-डजपुढे पहिलं रूप आहे का तेही. तिन्ही गोष्टी एकदम शोधायला गेलं की एकही सापडत नाही.

सरावासाठी हा परिच्छेद घ्या. अशी वाक्यं वह्यांमध्ये नेहमी दिसतात:

'लास्ट संडे माय कझिन हॅज कम टु अवर हाउस. ही हॅज वोर्न अ न्यू शर्ट. इट वॉज रेनिंग, सो वी डिडन्ट वेन्ट आउट. बाबा टोल्ड दॅट इफ द रेन विल स्टॉप, वी विल गो टु द बीच. ही सेड दॅट आय ॲम टायर्ड. इन द इव्हनिंग वी रिमूव्हड फोटोज.'

पहिल्या वाक्यात लास्ट संडे आहे, म्हणून 'केम'. दुसऱ्यात गोष्ट होऊन गेलेली, पण घातलेलं असणं ही चालू स्थिती, म्हणून 'वॉज वेअरिंग'. तिसऱ्यात 'डिडन्ट गो'. 'इट वॉज रेनिंग' बरोबर आहे, आणि तिथे टिकमार्क जरूर करा. लाल शाई नुसती चुकांवर खर्च करू नये.

चौथ्या वाक्यात 'टोल्ड अस', कारण टेलला माणूस हवा. पुढचं 'विल स्टॉप' जातं. गोष्ट भूतकाळातली असल्यामुळे सगळं एक पाऊल मागे सरकतं: 'बाबा टोल्ड अस दॅट इफ द रेन स्टॉप्ड, वी वुड गो टु द बीच'. हे अवघड वाटलं तर अवतरणचिन्ह वापरून बाबांचे शब्द जसेच्या तसे लिहायला सांगा: बाबा सेड, "इफ द रेन स्टॉप्स, वी विल गो टु द बीच." सहावीपर्यंत मी हाच मार्ग सुचवतो.

पाचव्या वाक्यात मराठीची सवय डोकावते. 'बाबा म्हणाले की मी दमलोय' असं आपण सहज म्हणतो, आणि दमलेले बाबाच असतात हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत 'ही सेड दॅट आय ॲम टायर्ड' म्हटलं तर दमला तो लिहिणारा मुलगा. म्हणून 'ही सेड दॅट ही वॉज टायर्ड'. सहाव्यात अर्थातच 'टुक फोटोज'.